पहिल्या आंघोळीचे तेल

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे नाव काढले की आपल्याला आधी आठवतो तो उटण्याचा वास, मग न्हाणीघरातला धूर, मग बाहेर कोणीतरी घाईने उडवलेला पहिला फटाका. तेलाची वाटी बिचारी आठवणींच्या मागच्या रांगेत उभी असते. वास्तविक पहिला मान तिचा. 'अभ्यंग' या शब्दाचा अर्थच मुळी अंगाला तेल लावणे, ते चोळून जिरवणे असा आहे. स्नान त्याच्या मागून येते. आणि 'तेल' हा शब्द तरी कुठला? तिळाचे ते 'तैल'. पुढे सरकी आली, करडई आली, भुईमूग आला, खोबरे तर होतेच. पण ज्याच्या त्याच्या रसाला आपण तिळाचेच नाव देऊन बसलो. एका चिमूटभर दाण्याने सगळ्या जातभाईंना आपले आडनाव द्यावे, तसे हे झाले.

मी काही संस्कृताची पंडित नाही. शाळेत मुलांना मराठी आणि इतिहास शिकवावा, उरल्या वेळात कादंबरीची चार पाने लिहावी, एवढाच माझा व्याप. पण इतिहासाच्या पुस्तकात लढायांना आणि तहांना जेवढी पाने मिळतात, त्यांतली दोन तरी घरातल्या कोनाड्यात ठेवलेल्या तेलाच्या बुधल्याला मिळावीत असे मला नेहमी वाटत आले आहे. सणाच्या निमित्ताने आज ती हौस भागवून घेते.

हा बुधला काही लहान घराण्यातला नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. भडोचकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणाऱ्या गलबतांत गहू, तांदूळ, तूप, कापड यांच्याबरोबर तिळाचे तेलही भरलेले असे, असे तो लिहितो. इकडे आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवीत होते. शनिवारी त्यांचा बैल मोकळा आणि घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. कोणाचा धर्म कोणता याची चौकशी न करता, तेल कोणत्या दिवशी मिळत नाही एवढ्यावरून माणसाला ओळखणारी ती गावे होती!

तेल अंगाला का लावायचे, याचे उत्तर चरकसंहितेत मोठे मजेदार दिले आहे. मातीचा घडा, कातडे आणि गाड्याचा आंस ही तिन्ही तेल मुरले म्हणजे बळकट होतात, ओझे सोसतात. शरीराचेही तसेच, असे तिथे म्हटले आहे. एवढ्या मोठ्या शास्त्रग्रंथाने दाखला घेतला तो कुंभाराचा, चांभाराचा आणि गाडीवानाचा. ज्याने कधी कोरड्या आंसाच्या गाडीची कुरकुर ऐकली आहे त्याला वेगळे प्रमाण नको.

पण नुसते तेल आणि वनस्पतीचा गुण किंवा वास उतरलेले तेल यांत फरक आहे, आणि आपल्या पूर्वजांची खरी करामत आहे ती इथे. पान, मूळ किंवा फूल यांतला अंश तेलात उतरवायचा कसा? जुने ग्रंथ चाळले की तीन वाटा दिसतात. एक विस्तवाची, दुसरी उन्हाची आणि तिसरी नुसत्या सहवासाची.

विस्तवाची वाट वैद्यांची. तिचे प्रमाण ठरलेले आहे : एक भाग वाटलेली औषधी, चार भाग तेल आणि सोळा भाग पातळ पदार्थ, मग तो काढा असो, अंगरस असो की दूध असो. हे सारे मंद आंचेवर चढवायचे आणि पाणी आटेपर्यंत ढवळत बसायचे. तेल झाले केव्हा, हे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे, आणि त्या कसोट्या पाहिल्या की लिहिणाऱ्याने स्वतः चुलीपुढे बसून डोळे चोळले असले पाहिजेत अशी खात्री पटते. आतला गाळ बोटांत घेऊन वळला तर त्याची वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर टाकली तर चरचर वाजता कामा नये. आणि तेलावर फेस आला पाहिजे. तुपाचे मात्र उलटे, तिथे फेस बसला की तूप सिद्ध झाले. पाकाचेही तीन प्रकार : मऊ पाक नाकात घालण्याच्या तेलाचा, मधला सर्व कामांचा, आणि खरपूस पाक अंगाला चोळण्याच्या तेलाचा.

यातली वातीची खूण मी वर्गात मुलांना सांगते, कारण तिच्यात शास्त्र आहे. भांड्यात पाण्याचा अंश आहे तोवर त्याची उष्णता पाणी उकळण्याच्या आसपासच, म्हणजे शंभर अंशांच्या पुढेमागेच, घोटाळत राहते. पाणी संपले की ती भराभर चढू लागते आणि पाहता पाहता औषध करपते. म्हणजे 'झाले' आणि 'बिघडले' यांच्यामध्ये वेळ थोडा. वात चरचरते ती आतल्या पाण्याची एकदम वाफ होते म्हणून. चरचर थांबली म्हणजे पाणी संपले. उष्णता मोजायची नळी हाताशी नसताना कानाने उष्णता मोजण्याची ही युक्ती आहे.

दुसरी वाट उन्हाची. सहाव्या शतकातला उज्जयिनीकडचा वराहमिहिर ज्योतिषी म्हणून आपल्याला ठाऊक. पण त्याच्या बृहत्संहितेत गंधांवर एक सबंध प्रकरण आहे. मंजिष्ठ, नखला, दालचिनीची साल, कोष्ठ अशा द्रव्यांचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवावे, म्हणजे त्याला चाफ्याचा वास येतो, असे तो सांगतो. गंमत अशी की या कृतीत चाफ्याचे एकही फूल नाही! याच प्रकरणाच्या आरंभी त्याने केसांच्या कलपाची कृती दिली आहे. डोके पांढरे झालेल्या माणसाला माळा, अत्तरे, वस्त्रे, दागिने काही शोभत नाही, तेव्हा आधी केसांची व्यवस्था पाहा, असा त्याचा रोखठोक सल्ला. त्यासाठी हरकाचे तांदूळ लोखंडाच्या चुऱ्यासह आंबट शुक्तात शिजवायचे, तेही लोखंडी भांड्यात. 'शुक्त' म्हणजे आंबवून केलेला शिरकाच. आंबटात लोखंड उतरते आणि काळा रंग धरतो. चौदाशे वर्षांपूर्वीही माणसे पिकल्या केसांना भीत होती, हे वाचून आमच्या शिक्षकखोलीत दोघातिघांना मोठा धीर आला.

तिसरी वाट सर्वांत नाजूक. मोगरा, जाई, चमेली ही फुले विस्तवाला दाखवली की त्यांचा जीव जातो. मग युक्ती निघाली ती अशी की, तेलाला वास लावायचा नाही, तिळालाच लावायचा. स्वच्छ केलेल्या तिळांचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. काही तासांनी सुकलेली फुले काढून नवी घालायची. असे पुष्कळदा करून मग ते तीळ घाण्याला द्यायचे. जाईसारखे फूल तोडल्यावरही कित्येक तास वास सोडीत राहते आणि तिळातला स्नेह तो पिऊन घेतो. यालाच 'फुलेल' म्हणतात. जौनपूर आणि कनौज ही त्याची नावाजलेली गावे. फ्रान्समधल्या ग्रास गावचे लोक हेच काम काचेवर चरबी पसरून करीत. आपण दाण्यावर केले.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा ग्रंथ आहे. त्यात राजाच्या स्नानाचा थाट वर्णिलेला आहे आणि त्या थाटात अशा फुलांच्या वासात ठेवलेल्या तिळांचे तेल आहे, ते अंगात जिरवणारे मल्ल आहेत, आणि मागाहून उटणेही आहे. राजाच्या अंगाला तेल लावायला पैलवान! आपल्याकडे ते काम आईच्या दोन हातांनी होते, आणि ज्याने लहानपणी ते सोसले आहे तो सांगेल की जोर काही कमी नसतो. याच मानसोल्लासात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात असा उल्लेख आहे. राजाच्या न्हाणीघराची हकीकत लिहिणाऱ्याच्या कानावर मुसळाच्या तालातली ओवी पडत होती, ही गोष्ट मला त्या सगळ्या थाटाहून मोलाची वाटते.

दिवाळीचे स्नानही जुनेच. १०३० च्या सुमारास अल्‌बेरूनीने हिंदुस्थानची हकीकत लिहिली. या सणाला लोक स्नान करतात, नवी वस्त्रे लेतात आणि एकमेकांना विडे-सुपारी देतात असे त्याने टिपून ठेवले आहे. आपल्या लीळाचरित्रातही दिवाळीच्या स्नानाचा आणि ओवाळण्याचा प्रसंग येतो. हे दाखले जमवण्याचे मोठे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. १८९१ ते १९६१ हा त्यांचा काळ. १९४५ साली त्यांनी दिवाळीच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध केला. अत्तरे, तेले, विडा यांसारख्या, इतर पंडितांना क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंच्या मागे हा माणूस आयुष्यभर पोथ्या पालथ्या घालीत राहिला. त्यांनीच गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्या जोडीचा 'गंधवाद' यांचे हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आणले. १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ते छापून निघाले. गंधवादावरची टीका आहे मराठीत! म्हणजे कोणे एके काळी कुणा गंध्याला, कुणा अत्तरियाला संस्कृत श्लोक अडला असेल आणि कुणी तरी त्याला तो आपल्या भाषेत समजावून दिला असेल. ग्रंथ आणि दुकान यांच्यामध्ये मराठी उभी होती, हे कळल्यावर मराठीच्या शिक्षिकेला आनंद झाला तर नवल नाही.

तेलाची गोष्ट सांगताना त्याच्या आंबट भावंडाला विसरून चालणार नाही, कारण गोव्याचे वाचक रागावतील. माडाची सूर काढून ठेवली की ती आधी फसफसते आणि काही आठवड्यांत आंबट होऊन तिचा शिरका होतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. १५६३ साली तिथेच छापलेल्या त्याच्या ग्रंथात माडाची सूर आणि तिचा हा शिरका दोन्ही आहेत. पोर्तुगीजांच्या घरी मांस द्राक्षाच्या दारूत आणि लसणीत मुरवीत. त्या पदार्थाचे नाव 'विन्य द आल्यश', म्हणजे दारू आणि लसूण. गोव्यात दारूच्या जागी माडाचा शिरका आला, अमेरिकेतून आलेली मिरची भेटली, आले-जिरे मिळाले, आणि झाले 'विंदालू'. त्यात बटाटा शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की तिथला 'आलू' हा बटाटा नसून लसूण आहे! शिरका का होतो याचा उलगडा फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८६४ साली केला. एक सूक्ष्म जीव मद्याचा आंबट रस करतो हे त्याने दाखवले. आमच्या रेंदेरांच्या बायकांना त्या जीवाचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याला कोणती बरणी मानवते हे पक्के ठाऊक होते.

आता एक इशारा, आणि तो हसण्यावारी नेण्याचा नाही. अलीकडे हौसेने कच्ची लसूण किंवा ओली पाने तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवून देण्याची पद्धत दिसते. १९८५ साली कॅनडातल्या व्हॅन्कुव्हर शहरात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळे ३६ माणसांना बॉट्युलिझम ही भयंकर विषबाधा झाली. तिचे जंतू मातीत असतात, लसणीबरोबर येतात आणि जिथे ओलावा आहे, हवा नाही, आंबटपणा नाही तिथे वाढून विष करतात. तेलात बुडलेली ओली लसूण म्हणजे त्यांना आंदणच. शिरक्यात ते वाढू शकत नाहीत, कारण तिथे आंबट आहे. आणि ओलावा सगळा गेलेल्या तेलातही त्यांना थारा नाही. म्हणजे वात चरचरेनाशी होईपर्यंत चुलीपाशी बसून राहणारी बाई तेलाचा नुसता वास राखत नव्हती. तेव्हा पोटात जायचे तेल असेल तर त्यात पाने-पाकळ्या पूर्ण वाळवलेल्याच घाला, ओली लसूण घातली तर लगेच वापरून संपवा, आणि टिकवायचेच असेल तर शिरक्याकडे वळा.

पुढे हे घरचे तेल बाटलीत गेले, बाटलीवर चित्र आले, आणि त्याबरोबर जाहिरातही आली. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस 'कुंतलीन' नावाचे केशतेल काढीत. १८९६ साली त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. अट एकच, गोष्टीत कुंतलीनचे नाव सहज ओघात यावे आणि जाहिरात वाटू नये! पहिल्याच वर्षी बक्षीस मिळवले ते थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसूंनी; त्यांच्या गोष्टीत समुद्रात ओतलेल्या केशतेलाने वादळ शांत होते. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'मंदिर' ही कथाही याच स्पर्धेत बक्षीसपात्र ठरली. त्यांनी ती मामाच्या नावाने पाठवली होती. दिवाळी अंकांत तेला-साबणाच्या जाहिराती पाहून नाक मुरडणाऱ्या रसिकांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. साहित्याच्या दिव्यातही तेल कुठून तरी यावेच लागते.

एवढा वेळ मी राजे, वैद्य, ज्योतिषी, पंडित यांची नावे घेतली. पण घरोघरच्या चुलीवर वर्षानुवर्षे तेल कढवले ते कोणी? त्या हातांचे नाव कुठल्याच पोथीत नाही. आणि त्यांतल्या काही हातांची गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास खरा होणार नाही.

माझ्या आजीने तिच्या आत्याची हकीकत मला सांगितली होती. आत्या तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी कोकणात आली. केस गेले, अंगावर लाल आलवण आले. घरात बायका-मुली मिळून अकरा. त्या सर्वांचे केसांचे तेल आत्या करी. खोबरेल, त्यात माक्याचा रस, कोकणात ब्राह्मी म्हणून आणतात तो कारिवणा, जास्वंदीची फुले, आवळा, वाळा, शेवटी कापूरकचरी. तिच्या हातचे तेल कधी खवट झाले नाही. गाळाची वात करून विस्तवावर धरायची आणि कान देऊन ऐकायचे, हे आजी तिच्यापाशीच शिकली. शार्ङ्गधराचे नाव त्या दोघींपैकी कोणीही ऐकलेले नव्हते.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटे पाणी तापवायचे काम आत्याचे. सगळ्यांच्या माखण्याचे तेल तिने केलेले. तिच्या डोक्याला मात्र थेंब नाही. हा काही त्या एका घराचा दुष्टपणा नव्हता. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेने अंगाला उटणे लावू नये, सुगंधी द्रव्य भोगू नये अशी आज्ञा आहे, आणि ज्यांनी काशीखंड उघडलेही नव्हते त्यांनी ती अक्षरशः पाळली. आजी तेव्हा सात वर्षांची. सगळ्यांचे न्हाणे उरकल्यावर वाटीत थोडे तेल उरले होते. तिने ते बोटांवर घेतले आणि वैलापाशी बसलेल्या आत्याच्या पदराखाली हात घालून तिच्या डोक्याला लावले. आत्या पहिल्यांदा काही बोललीच नाही. मग तिने पोरीचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "पूस गो बाय, पूस लवकर. कुणाला तरी वास येईल."

आजीने पदराने ते पुसले. "पण तेल कसले पुसले जाते!" असे ती म्हणे, आणि पुढे गप्प बसे.

मी वाचलेल्या गंधांच्या सगळ्या ग्रंथांत वास यावा म्हणून खटपट आहे. वास येईल म्हणून भिणारी बाई मला एकाही ग्रंथात भेटली नाही. म्हणून ही हकीकत त्यांच्या शेजारी लिहून ठेवते.

हे बदलावे म्हणून माणसे झटली नाहीत असे नाही. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने नाभिक एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांची रोजी त्यावर होती त्यांनीच हत्यार खाली ठेवले, हे फार मोठे होते. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली. पण रूढीची गती कायद्याहून मंद. अगदी २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. आत्याच्या 'पूस लवकर' पासून हेरवाडच्या 'पुसायचे नाही' पर्यंत यायला एवढी वर्षे लागली.

वाचकहो, यंदा तेल विकतच आणा असे म्हणणारे घरात पुष्कळ असतील आणि त्यांचेही काही चुकत नाही. पण दोन-तीन तासांची सवड असेल तर पावशेर खोबरेल किंवा तिळाचे तेल, वाटीभर माका आणि चार जास्वंदी, एवढ्यावर घरी करून पाहा. आंच मंद ठेवा. मुलांना जवळ बसवा, मात्र हाताच्या अंतरावर. गाळाची वात वळा, चिमट्याने विस्तवावर धरा आणि सगळ्यांना गप्प बसवून ऐका. चरचर थांबली की उतरवा, कोमट असताना फडक्यातून गाळा आणि कोरड्या बाटलीत भरा. तेल केसांचे आणि अंगाचे. पोटात घ्यायचे नव्हे.

आणि पहाटे वाटी फिरू लागली की ती कोणाला चुकवून पुढे जात नाही ना, एवढे घरातल्या कर्त्या बाईने पाहावे. म्हातारी सासू असो, एकटी राहिलेली नणंद असो, की कामाला येणाऱ्या मावशी असोत, बोटभर तेल त्यांच्याही टाळूवर जिरू द्या. वास आला तर येऊ द्या.